सागवानी नौका आणि ध्रुवीय बर्फ : मुंबईत बांधलेल्या ‘सुहैली’च्या अनुषंगाने

प्रस्तावना

ध्रुवीय समुद्रातील जलप्रवासाचा विषय निघाला की नॉर्वे, इंग्लंड, रशिया या देशांची नावे पुढे येतात. या इतिहासात महाराष्ट्राचा उल्लेख येण्याचे वरकरणी काही कारण दिसत नाही. आपला समुद्र उष्ण कटिबंधातला. त्यावर बर्फ धरणे ही कल्पनाही आपल्याला परकी आहे. त्यातही नेरळ, कर्जत, खालापूर हा रायगड जिल्ह्याचा भाग सागराकडे पाठ करून सह्याद्रीला टेकलेला आहे. असे असूनही १९९१ च्या उन्हाळ्यात ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, आर्क्टिक वृत्ताच्या पलीकडे ६८ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास, तरत्या बर्फातून वाट काढत शिडाची जी लहानशी नौका कांगेर्लुस्सुआक या फ्योर्डमध्ये, म्हणजे हिमनदीने कोरलेल्या खोल व अरुंद खाडीत, शिरली ती मुंबईत कुलाब्याला बांधलेली होती. तिचे नाव ‘सुहैली’. लांबी सुमारे ३२ फूट आणि लाकूड सागाचे.

ज्या कारागिरांनी समुद्रावरचा बर्फ कधी पाहिला नव्हता त्यांच्या हातची नौका बर्फात कशी टिकली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. याचे उत्तर काही अंशी लाकडात आहे, काही अंशी एका नॉर्वेजियन आराखड्यात आहे, आणि बरेचसे ‘सुहैली’च्या एका दुर्गुणात, म्हणजे तिच्या संथपणात आहे.

समुद्रावरील बर्फाचे स्वरूप

ध्रुवीय समुद्रातील सर्वच बर्फ एका जातीचा नसतो, आणि नाविकाच्या दृष्टीने हा भेद जीवनमरणाचा आहे. खारे पाणी शून्य अंशाला गोठत नाही. सर्वसाधारण क्षारतेच्या समुद्रजलाचा गोठणबिंदू उणे १.८ अंश सेल्सिअसच्या जवळपास असतो. गोठताना मीठ हळूहळू बाहेर टाकले जाते, त्यामुळे जुना समुद्री बर्फ नव्यापेक्षा कमी खारट व अधिक कठीण असतो. हा झाला समुद्राचा स्वतःचा बर्फ. हिमनग मात्र समुद्रात जन्मत नाहीत. ते जमिनीवरील हिमनद्यांचे, पर्यायाने शतकानुशतके साचलेल्या हिमवर्षावाचे, तुटलेले कडे होत. ते गोड्या पाण्याचे असतात आणि त्यांचा सुमारे नऊदशांश भाग पाण्याखाली असतो. मार्च २००० मध्ये अंटार्क्टिकातील रॉस हिमस्तरापासून सुटलेल्या ‘बी-१५’ या हिमनगाचे क्षेत्रफळ सुमारे ११,००० चौरस किलोमीटर होते. आपल्या संपूर्ण रायगड जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे ७,१५० चौरस किलोमीटर आहे, यावरून त्याच्या आकाराची कल्पना यावी.

लहान नौकेला मात्र एवढ्या मोठ्या हिमनगाचे भय त्या मानाने कमीच. तो दुरून दिसतो, रडारवरही उमटतो. खरे भय त्याच्यापासून तुटलेल्या, मोटारगाडीएवढ्या किंवा लहानशा खोलीएवढ्या तुकड्यांचे असते. ते जेमतेम पृष्ठभागावर डोकावतात, लाटांनी घासून गुळगुळीत झालेले असतात आणि खवळलेल्या समुद्रात रडारला लाटेपासून वेगळे ओळखू येत नाहीत. तेथे नाळेवर उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांवरच भिस्त ठेवावी लागते. आणि थंड प्रवाहावर दमट हवा आली की दाट धुके पडते, म्हणजे डोळेही निकामी होतात.

ग्रीनलंडचा पूर्व किनारा या दृष्टीने विशेष दुर्गम आहे. आर्क्टिक महासागरातील जुना बर्फ ग्रीनलंड आणि स्वालबार्ड यांच्यामधल्या सामुद्रधुनीतून बाहेर पडतो आणि पूर्व ग्रीनलंड प्रवाहाबरोबर किनाऱ्याला लागूनच दक्षिणेकडे वाहत येतो. त्यामुळे किनारा आणि मोकळा समुद्र यांच्यामध्ये बर्फाचा एक सरकता पट्टा जवळजवळ वर्षभर पसरलेला असतो. जुलैअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत तो विरळ होतो. वारा किनाऱ्याकडून वाहू लागला की त्यात गल्ल्या पडतात. वाऱ्याने दिशा पालटली की त्याच गल्ल्या मिटतात, आणि आत शिरलेली नौका दोन हिमफलकांच्या चिमटीत सापडते.

चिमट्यातून सुटण्याची विद्या

ही चिमटच ध्रुवीय जलप्रवासाची मूळ समस्या आहे. सर अर्नेस्ट शॅकल्टन यांचे ‘एन्ड्युरन्स’ हे जहाज १९१५ मध्ये वेडेल समुद्रात अशाच दाबाखाली चिरडले आणि २१ नोव्हेंबरला बुडाले. २०२२ मध्ये सुमारे ३,००० मीटर खोलीवर त्याचे अवशेष सापडले. हे जहाज आपल्या काळातले सर्वांत बळकट लाकडी जहाज होते असा समज दीर्घकाळ रूढ होता. २०२५ मध्ये फिनलंडमधील आल्टो विद्यापीठाचे युका तुहकुरी यांनी त्याच्या रचनेची चिकित्सा करून हा समज खोडून काढला. बर्फाचा दाब सोसणाऱ्या तत्कालीन जहाजांत जे तिरके आधार असत त्यांची ‘एन्ड्युरन्स’मध्ये उणीव होती, असे त्यांनी दाखवून दिले.

या समस्येवर यशस्वी उपाय त्यापूर्वीच योजला गेला होता. फ्रित्यॉफ नानसेन या नॉर्वेजियन संशोधकाला आपले जहाज बर्फात मुद्दाम गोठवून घ्यायचे होते आणि बर्फाबरोबर वाहत ध्रुवाकडे जायचे होते. त्यासाठी १८९२ मध्ये कॉलिन आर्चर या नौकाशिल्पज्ञाने ‘फ्राम’ हे जहाज बांधले. आर्चरचा विचार साधा होता. जहाजाची बाजू भिंतीसारखी उभी असेल तर बर्फाचा दाब सरळ आत येतो आणि लाकडाची ताकद संपली की जहाज संपते. बाजू गोलसर व खाली निमुळती असेल तर त्याच दाबाचा काही अंश वरच्या दिशेने लागतो आणि जहाज उचलले जाते. फणसाच्या गऱ्यातील बुळबुळीत आठळी चिमटीत दाबली की ती फुटत नाही, निसटून वर उडते. हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. ‘फ्राम’ची लांबी सुमारे ३९ मीटर व रुंदी ११ मीटर होती, म्हणजे ते जवळजवळ वाटोळेच होते. सप्टेंबर १८९३ मध्ये ते बर्फात अडकले आणि ऑगस्ट १८९६ मध्ये सुखरूप मोकळे झाले. ग्रीनलंड आणि स्वालबार्ड यांमधील ज्या सामुद्रधुनीचा वर उल्लेख केला तिला आज ‘फ्राम सामुद्रधुनी’ असेच म्हणतात.

आर्चरची दुसरी कामगिरी आपल्या विषयाच्या अधिक जवळची आहे. वादळात सापडलेल्या मच्छीमारांना वाचविण्यासाठी त्याने १८९३ पासून शिडाच्या बचावनौका आखल्या. त्या रुंद, जड आणि पुढे-मागे दोन्हीकडे निमुळत्या असत. येथे एक खुलासा आवश्यक आहे, कारण या दोन रचना पुष्कळदा एकच मानल्या जातात. ‘फ्राम’ला खोल कणा जवळजवळ नव्हताच, म्हणूनच खुल्या समुद्रात ते कमालीचे डोलत असे. बचावनौकांना मात्र पाण्यात खोल उतरणारा लांब कणा होता, कारण त्यांचे काम खवळलेल्या समुद्रातले होते, बर्फात गोठून राहण्याचे नव्हते. दोहोंमध्ये समान आहे ती दृष्टी. समुद्राशी झुंजण्यापेक्षा त्याचा आघात अंगावरून निसटू द्यावा, अशी ही दृष्टी होती. पुढे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अमेरिकन आरेखक विल्यम ॲटकिन यांनी याच बचावनौकेवरून ३२ फुटी ‘एरिक’ हा आराखडा तयार केला.

मुंबईचा साग

‘एरिक’चा आराखडा मुंबईत पोहोचला तो रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्यामुळे. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या जहाजांवर अधिकारी असलेल्या या तरुणाने १९६३ च्या सुमारास मुंबईत नौका बांधायला घेतली, आणि १९६४ च्या अखेरीस ती पाण्यात उतरली. ‘सुहैली’ हे नाव आखातातील अरब नाविक एका आग्नेय वाऱ्याला देतात. ती बांधली स्थानिक सुतारांनी, वाकस आणि दोरीच्या कमानीने फिरणारा सामता यांसारख्या परंपरागत हत्यारांनी. आराखडा नॉर्वेच्या कुळातला, तो कागदावर उतरविणारा अमेरिकन, मालक इंग्रज, नाव अरबी. परंतु लाकूड आणि हात येथले.

या लाकडाविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. नेरळहून माथेरानच्या पायथ्याकडे जाताना पावसाळ्यात ज्याचे पांढरे तुरे दिसतात, तो साग आपल्या इतका परिचयाचा आहे की त्याचे वेगळेपण लक्षात येत नाही. (घराची चौकट आणि देव्हारा यापलीकडे त्याची चौकशी आपण क्वचितच करतो.) सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असते. त्यामुळे तो सहसा कुजत नाही, पाण्याने फारसा फुगत वा आकसत नाही आणि लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्यांनाही बराच काळ दाद देत नाही. युरोपातील ओक लाकडात आम्ल असते, ते लोखंडी खिळे-बोल्ट खाते. सागातील तेल उलट लोखंडाचे रक्षण करते. थंडीत उपयोगी पडणारा गुण म्हणजे हा स्थिरपणा. तापमान आणि ओलावा यांच्या टोकाच्या बदलांत फळ्यांच्या सांध्यांना फटी पडल्या की नौका गळू लागते.

मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील पारशी नौकाशिल्पज्ञांनी अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत बांधलेल्या सागवानी जहाजांची कीर्ती याच गुणांवर उभी होती. जमशेटजी बमनजी वाडिया यांनी बांधलेले, १८१७ मध्ये जलावतरण झालेले ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगते आहे. परंतु आपल्या दृष्टीने अधिक लक्षणीय आहे ती ‘सालसेट’. साष्टी बेटाचे इंग्रजी नाव मिरविणारी ही युद्धनौका १८०५ मध्ये मुंबईतच पाण्यात उतरली. १८०८-०९ च्या हिवाळ्यात स्वीडनहून व्यापारी जहाजांचा ताफा घेऊन निघालेली ‘सालसेट’ बाल्टिक समुद्रात बर्फात अडकली. त्या आपत्तीत काही जहाजे नष्ट झाली. ‘सालसेट’ मात्र अनेक आठवडे बर्फात राहूनही वाचली. बाल्टिक म्हणजे ध्रुवप्रदेश नव्हे, हे खरे. तरीही मुंबईचा साग आणि समुद्रावरचा बर्फ यांची गाठ ‘सुहैली’च्या पावणेदोनशे वर्षे आधीच पडली होती, याची नोंद आपल्या प्रादेशिक इतिहासलेखनात अभावानेच आढळते.

संथपणाचा लाभ

१९६५ च्या अखेरीस मुंबई सोडून ‘सुहैली’ १९६७ मध्ये इंग्लंडला पोहोचली. १४ जून १९६८ रोजी नॉक्स-जॉन्स्टन तिच्यातून फालमथ बंदरातून एकटे निघाले आणि ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून तेथेच परतले. असे करणारे ते पहिले मानव. त्या स्पर्धेत नऊ जण उतरले होते. प्रदक्षिणा पुरी झाली ती एकट्या ‘सुहैली’ची. वाटेत नौका गळू लागली तेव्हा त्यांनी पाण्याखाली बुडी मारून सांधे कापसाने बुजवले. रेडिओ बंद पडला, वाऱ्याच्या बळावर आपोआप सुकाणू धरणारे यंत्र मोडले. तिचा सरासरी वेग ताशी जेमतेम चार सागरी मैल होता. शर्यतीच्या दृष्टीने हा वेग हास्यास्पद म्हणावा लागेल.

बर्फात मात्र हाच संथपणा उपकारक ठरतो. आदळणाऱ्या वस्तूची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ताशी बारा सागरी मैलांनी धावणारी आधुनिक नौका तेवढ्याच वजनाच्या, चार मैलांनी चालणाऱ्या नौकेपेक्षा नऊपट ऊर्जेने हिमखंडावर आदळते. पहिलीचे पातळ कवच फुटू शकते तेथे दुसरीचे जाड लाकूड खरवडून निघते, इतकेच. शिवाय लांब कण्यामुळे मागच्या पंख्याला संरक्षण मिळते आणि दोन्ही टोके निमुळती असल्याने मागे सरकतानाही बर्फ बाजूला सारता येतो. याला एक अपवाद आहे. ‘सुहैली’चे सुकाणू बाहेरून, पिछाडीला टांगलेले आहे; बर्फात मागे येताना तेच प्रथम सापडते. आराखड्याचा हा कमकुवत दुवा नाविकाला सावधगिरीने भरून काढावा लागतो.

१९९१ च्या मोहिमेत गिर्यारोहक क्रिस बॉनिंग्टन नॉक्स-जॉन्स्टन यांच्याबरोबर होते. नौकेने ग्रीनलंडला जायचे आणि तेथील लेमन पर्वतरांगेतील ‘कॅथीड्रल’ या शिखरावर चढाई करायची, असा बेत होता. एकाने दुसऱ्याला समुद्र शिकवायचा, दुसऱ्याने पहिल्याला पर्वत. चढाईचा भाग आपल्या विषयाबाहेरचा आहे. जलप्रवासाचा भाग असा, की डेन्मार्क सामुद्रधुनी ओलांडल्यावर बर्फाच्या पट्ट्यात ‘सुहैली’ने कोठेही बळजबरी केली नाही. गल्ली दिसेल तेथे शिरायचे, हिमफलक हळूच टेकून बाजूला सारायचे, मिटणारी वाट वेळीच ओळखून माघार घ्यायची, हाच तेथला क्रम. ज्या नौकेला घाई करताच येत नाही तिच्या नाविकाला हा क्रम फारसा शिकवावा लागत नाही. रोआल्ड अमुंडसेन यांनी १९०३ ते १९०६ या काळात अवघ्या २१ मीटर लांबीच्या ‘यॉआ’मधून सहा सहकाऱ्यांसह वायव्य मार्ग पार केला. सर जॉन फ्रँकलिन मात्र १८४५ मध्ये ‘एरेबस’ व ‘टेरर’ ही भक्कम जहाजे आणि १२९ माणसे घेऊन गेले आणि कोणीही परतले नाही. उथळ पाण्यात, किनाऱ्याला लागून सरकू शकणारी छोटी नौका मोठ्या जहाजाला सरस ठरते, हे त्यातूनही दिसले होते.

दक्षिणेकडचा मोह

आपल्याकडील पुढचा अध्याय दक्षिण गोलार्धात घडला. पृथ्वीप्रदक्षिणेच्या मान्य नियमांनुसार नौकेने सर्व रेखावृत्ते ओलांडावी लागतात, विषुववृत्त पार करावे लागते, कालव्यांचा उपयोग करता येत नाही आणि एकूण अंतर किमान २१,६०० सागरी मैल भरावे लागते. मुख्य वळसा दक्षिण महासागरातूनच घ्यावा लागतो, आणि येथेच मोह उत्पन्न होतो. विषुववृत्तावर पृथ्वीचा परीघ २१,६०० सागरी मैल. ४० अंश दक्षिणेला तो सुमारे १६,५५० होतो, ५० अंशांवर सुमारे १३,८८० आणि ६० अंशांवर नेमका निम्मा, म्हणजे १०,८००. जितके दक्षिणेला जावे तितकी वाट आखूड आणि पश्चिमेचा वारा जोरकस. परंतु ५० ते ६० अंशांच्या दरम्यान अंटार्क्टिकाचे थंड पाणी उत्तरेकडील उबदार पाण्याखाली शिरते, त्या सीमेपलीकडे तापमान एकदम उतरते आणि हिमखंडांची शक्यता वाढते. किती दक्षिणेला जायचे हा त्यामुळे भूमितीचा प्रश्न राहत नाही, तो विवेकाचा होतो. ‘वांदे ग्लोब’ या फ्रेंच स्पर्धेत तर उपग्रहांच्या साह्याने बर्फाची पाहणी करून दक्षिण मर्यादाच आखून देतात. मात्र दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला, ५६ अंशांपर्यंत उतरण्यावाचून गत्यंतर नसते.

भारतीय नौकेने हा वळसा घ्यावा हा ध्यास व्हाइस ॲडमिरल मनोहर प्रल्हाद आवटी यांनी घेतला. निवृत्तीनंतर सातारा जिल्ह्यात फलटणजवळ विंचुर्णी येथे राहणाऱ्या या दर्यावर्दीचे २०१८ मध्ये निधन झाले. त्यांच्या कल्पनेतून गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ ही ५६ फुटी नौका बांधली गेली. तिचा आराखडा डच होता. तिच्या कवचात लाकडी पट्ट्या आणि काचतंतू यांचा संयोग होता. कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून तीतून एकटे निघाले आणि फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली व केप टाऊन या चार थांब्यांनंतर मे २०१० मध्ये मुंबईस परतले. अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये त्याच नौकेतून न थांबता प्रदक्षिणा केली. त्यानंतर ‘म्हादेई’च्याच घडणीची ‘तारिणी’ २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांनी आणि २०२४-२५ मध्ये दोघींनी जगाभोवती नेली.

याच कारखान्यातून ‘सुहैली’ची एक प्रतिकृतीही पाण्यात उतरली. २०१८ च्या गोल्डन ग्लोब स्पर्धेसाठी बांधलेल्या या नौकेचे नाव ‘थुरिया’. तीतून निघालेले टॉमी सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरातील वादळात सापडले. डोलकाठ्या मोडल्या, त्यांच्या पाठीला गंभीर दुखापत झाली आणि फ्रेंच जहाज ‘ओसिरिस’ने त्यांची सुटका केली. आर्चरच्या कुळातील नौका सर्व संकटांतून तारते, अशी जी श्रद्धा ‘सुहैली’मुळे रुजली होती तिला या घटनेने योग्य ती मर्यादा घातली. नौकेचे कवच टिकले, परंतु डोलकाठीविना टिकलेले कवच म्हणजे केवळ तराफा. टॉमी पुढे २०२३ मध्ये याच स्पर्धेत दुसऱ्या क्रमांकाने पोहोचले, ते वेगळ्या घडणीच्या नौकेतून.

मूळ ‘सुहैली’ १९९७ मध्ये लंडनमधील ग्रीनिच येथील राष्ट्रीय सागरी संग्रहालयात ठेवण्यात आली. संग्रहालयातील हवा वस्तूंच्या जतनासाठी नियंत्रित, कोरडी असते. चार-पाच वर्षांत तिच्या फळ्या आकसू लागल्या. ज्या सांध्यांनी केप हॉर्नच्या लाटा आणि ग्रीनलंडचा बर्फ सोसला होता त्यांना कोरड्या हवेत फटी पडू लागल्या. तेव्हा नॉक्स-जॉन्स्टन यांनी २००२ मध्ये तिला तेथून हलवले आणि दुरुस्तीनंतर पुन्हा पाण्यात सोडले. जून २०१८ मध्ये, पहिल्या प्रदक्षिणेच्या प्रारंभाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, फालमथ येथील नौकांच्या संचलनात ती आपल्या शिडांवर चालत होती.